रक्त कुणाचं

त्या सकाळी मला कुणीच 'कशा उठलात' म्हणून विचारलं नाही.

नामाचेरे गावात असं कधी होत नसे. तिथं वाटेत दिसलेल्या प्रत्येकाशी थांबून बोलावं लागे. "कशा उठलात?" "मी बरी उठले, तुम्ही?" "तुम्ही बऱ्या उठलात, तर मीही बरा." एवढं झाल्याशिवाय कुणी पुढं पाऊल टाकायचं नाही. पहिले काही महिने मला याचा कंटाळा यायचा. मी विट्याची, आमच्याकडं ओळखीचं माणूस दिसलं तर मान हलवून पुढं जायची पद्धत. पण वर्षभरात अशी सवय लागली होती की हातपंपाजवळ पोचायच्या आधीच ते शब्द माझ्या तोंडात तयार असत.

त्या दिवशी मी ते बोलले. पंपावर बायकांची रांग होती. माझं बोलणं संपलं आणि कुणीच काही म्हणालं नाही. एकीनं अर्धवट भरलेली बादली उचलली आणि ती निघून गेली. तिच्यामागून दुसरी गेली. रोज 'सुलेका, सुलेका' ओरडत मागं धावणारी पोरं मला बघून घरात पळाली. माझं नाव सुरेखा, पण तिथल्या जिभेवर र आणि ल यांची अदलाबदल होते. एका दारामागं लहान मूल रडत होतं. मी जवळून जाताना ते रडणं एकदम बंद झालं, कुणीतरी तोंडावर हात दाबल्यासारखं.

एस्नात आपल्या अंगणात माझीच वाट बघत होती. तिनं दंडाला धरून मला आत घेतलं.

"ते कपाळावरचं काढ."

"टिकली?"

"काढ म्हणते ना. लोक म्हणतायत ते रक्त आहे. रोज ताजं लावतेस म्हणून."

मला हसू आलं. एस्नात गावातली सगळ्यात मोठ्यानं हसणारी बाई, पण ती हसली नाही. मी टिकली काढली आणि कुठं ठेवावी ते न सुचल्यामुळं मनगटाला चिकटवली. तिनं ती तिथूनही उचलली आणि चुलीत टाकली.

मलावीच्या दक्षिणेला, चहाच्या मळ्यांच्या पलीकडं हे गाव. मी मिरजेत नर्सिंग केलेलं, चार वर्षं नोकरी करून एका संस्थेमार्फत दोन वर्षांसाठी तिथं स्वयंसेवक म्हणून गेले होते. काम आरोग्य शिक्षणाचं: एचआयव्ही म्हणजे काय, तो कशानं होतो, कशानं होत नाही, तपासणी का करायची. एस्नात माझी दुभाषी, पण खरं शिक्षण तीच द्यायची. नवरा गेल्यावर तिनं स्वतःची तपासणी करून घेतली होती आणि निकाल कळल्यावर एका रविवारी चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर सांगून टाकला होता. आमच्या प्रत्येक बैठकीत ती कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "बघा माझ्याकडं. माझ्या रक्तात तो आहे. मी गोळ्या खाते आणि तुमच्यापेक्षा जास्त जमीन खणते. कुणाला शंका असेल तर उद्या कुदळ घेऊन या." लोक हसायचे, आणि हसता हसता ऐकायचे.

गोळ्या सुरू करण्याआधी शरीरात किती ताकद उरली आहे ते मोजावं लागे. त्यासाठी दंडातून रक्त काढून त्याच दिवशी जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचवावं लागे. ते काम माझं. आपल्याकडं पोलिओच्या डोसाला घेऊन फिरतात तशी एक निळी पेटी होती, तीत बर्फ, आणि बर्फात रक्ताच्या नळ्या. नळ्यांवर फक्त आकडे. कोणता आकडा कुणाचा हे गावात मला आणि एस्नातलाच ठाऊक. हे रक्त फक्त ज्यांचा निकाल आधीच वाईट आलाय त्यांचंच काढत असल्यामुळं लोक तिच्या घरी परसातून, काहीतरी निमित्त काढून येत. कुणी मीठ मागायला येई, कुणी हरवलेली कोंबडी शोधायला.

पण गेल्या पंधरवड्यात काहीतरी बदललं होतं. शेजारच्या जिल्ह्यात रक्त शोषणारी माणसं फिरतायत अशी बातमी उठली होती. गाडीतून येतात, माणसाला भूल देतात, रक्त काढून परदेशात नेतात. तिकडं एका वाटसरूला लोकांनी मारलं, असं कुणी सांगे. मी हे जेवताना ऐकलं आणि सोडून दिलं. मग आमच्याच गावातल्या एका मुलीला शेतात चक्कर आली. दुष्काळी महिने सुरू झाले होते, लोक एक वेळ जेवत होते, भर उन्हात खणताना चक्कर येणारच. पण ती शुद्धीवर आली तेव्हा लोकांनी तिला एकच विचारलं: तुझं रक्त कुणी काढलं?

"आज नको काढूया," मी एस्नातला म्हणाले.

"ते येतायत. मी नको म्हणून सांगितलं तरी येतायत. मागच्या खेपेला गाडी आली नाही, त्याच्या आधी बर्फ नव्हता. ते अजून किती थांबणार?"

ते आले. एकेक करून आले आणि बाही वर करून बसले. शेवटचा माणूस गेल्यावर एस्नातनं परसदाराला आतून कडी लावली. तिच्या घराला दिवसा कडी लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

संस्थेची गाडी मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापर्यंत यायची. फाट्यापर्यंत आम्हाला वायसन नावाचा सायकलवाला सोडायचा, आधी मला पेटीसह, मग एस्नातला. तो आला नाही. बऱ्याच वेळानं एस्नात त्याच्या घरी जाऊन आली.

"सायकल पंक्चर आहे म्हणतो."

"आहे का?"

"चाकात हवा भरलेली दिसली मला."

आम्ही दोघी त्या पेटीकडं बघत बसलो.

"इथंच ठेवू," एस्नात म्हणाली. "तू रिकाम्या हातानं फाट्यावर जा. गाडीत बसून निघून जा. चार दिवसांनी ये."

"आणि हे?"

"नासेल."

मला त्यांची वर केलेली बाही आठवत होती. त्यांच्यातली नेली नावाची बाई तर अर्ध्या वाटेवरून परत फिरली होती आणि पुन्हा आली होती. मी पेटी खांद्याला अडकवली. एस्नातनं माझ्याकडं बघितलं, तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली, आणि आपलं लुगड्यासारखं गुंडाळायचं कापड पेटीवर टाकून ती माझ्याबरोबर निघाली.

दुपारचं ऊन होतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना खणून ठेवलेली, पावसाची वाट बघणारी शेतं. एरवी त्या वेळी शेतात कुणी नसायचं. त्या दिवशी माणसं उभी होती. खणत नव्हती, नुसती कुदळ टेकवून उभी. आम्ही पुढं गेलो की ती माणसं शेतातून निघून आमच्या मागं वाटेवर येत होती. मी एकदाच वळून पाहिलं. अंतर राखून, शांतपणे, गावातल्या कुणाच्या मयतीला चालल्यासारखी ती चालत होती. कुठंतरी शिट्टी वाजली. पुढून दुसऱ्या शिट्टीनं उत्तर दिलं.

"पळायचं नाही," एस्नात म्हणाली. "पळालीस तर संपलं."

वाटेच्या कडेला नेली उभी होती. सकाळी तिनंच सगळ्यात आधी रक्त दिलं होतं. तिची बाही मनगटापर्यंत ओढलेली होती. आम्ही तिच्याजवळून जात असताना ती जमिनीकडं बघत, ओठ जवळजवळ न हलवता म्हणाली, "माघारी फिरा."

पण माघारी रस्ता भरला होता.

पुढं मोठं आंब्याचं झाड होतं. तिथं गावाच्या बैठका व्हायच्या. आमची पहिली बैठक तिथंच झाली होती. झाडाखाली सगळं गाव जमलं होतं. बुंध्याशी गाडीचं एक जुनं टायर ठेवलेलं होतं. गावात कुणाकडं गाडी नव्हती. हे टायर इथं कुणी आणलं आणि कशाला, असा विचार माझ्या मनात आला, आणि त्याच क्षणी एस्नातच्या बोटांनी माझं मनगट इतकं घट्ट पकडलं की मला उत्तर कळलं: माणसाच्या गळ्यात घालून पेटवायला.

झाडाखाली लाकडी खुर्चीवर गावचे प्रमुख बसले होते. त्यांना तिथं म्फुमू म्हणतात. मी मनातल्या मनात त्यांना पाटीलच म्हणत असे. पन्नाशीच्या आतले, कमी बोलणारे. उन्हाळा असो की हिवाळा, अंगात तपकिरी कोट. मी आले तेव्हा त्यांनी याच खुर्चीवर बसून गावाला सांगितलं होतं, "ही बाई तिच्या आईला सोडून इतक्या लांब आलीय. ती काय म्हणते ते ऐकून घ्या." त्या एका वाक्यावर माझं तिथलं वर्ष निभावलं होतं. त्यांच्या शेजारी लामेक उभा होता, त्यांच्या बहिणीचा मुलगा. त्या मुलखात गादी मुलाकडं नाही, भाच्याकडं जाते. लामेक तिशीचा, अंगानं दणकट. मामाला बरेच दिवस खोकला होता आणि भाचा वाट बघत होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

लामेकनं माझ्या खांद्यावरून पेटी ओढून घेतली. वरचं कापड फेकून दिलं, झाकण उघडलं, बर्फात हात घातला आणि नळ्यांचा जुडगा वर उचलून धरला.

गर्दीतून जो आवाज आला तो ओरडा नव्हता. सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतल्यासारखा होता.

"हे काय आहे?" लामेकनं विचारलं.

"रक्त," मी म्हणाले. तो शब्द मला त्यांच्या भाषेत चांगला येत होता. सगळ्यात आधी तोच शिकले होते.

"कुणाचं?"

"ते मला सांगता येणार नाही."

एस्नातनं माझं बोलणं पुन्हा नीट त्यांच्या भाषेत सांगितलं, कारणासकट: आजारी माणसाचं नाव नर्स सांगत नाही, हा जगभरचा नियम आहे. मागून कुणीतरी म्हणालं, "चोरही नाव सांगत नाहीत." एक दगड माझ्या पायाशी येऊन पडला. मारलेला नव्हता, टाकलेला होता. अजून फक्त दाखवायला.

त्या नळ्या सहा होत्या. आणि ती सहाही माणसं त्या झाडाखाली होती. नेली आमच्या मागून आली होती. चहाच्या मळ्यात राबणारे दोघे भाऊ डावीकडं उभे होते. त्यातल्या धाकट्याच्या हातात कोयता होता. शाळेतल्या मास्तरांची बायको मूल पाठीला बांधून उभी होती. म्हातारा फिरी मुळावर बसून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. यांच्यापैकी प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच आहोत. दोघे भाऊ वेगवेगळ्या वेळी आले होते आणि एकमेकांचंही त्यांना माहीत नव्हतं.

सहावी नळी म्फुमूंची होती.

सकाळी सगळ्यात शेवटी, परसातल्या वाटेनं तेच आले होते. कोट काढून त्यांनी नीट घडी करून मांडीवर ठेवला होता. रक्त काढून झाल्यावर मी दंडावर कापूस लावला तेव्हा ते पहिल्यांदा बोलले होते, "लवकर कळेल ना?" मी म्हटलं होतं, आठवड्यात.

आता त्या कोटाच्या बाहीखाली तो कापूस तसाच असणार होता.

"सिस्टर," म्फुमू म्हणाले. त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "हे रक्त कुणाचं आहे?"

ते माझ्याकडं बघत होते. मला ते धमकावत होते की विनवत होते, हे मला आज अठरा वर्षांनीही सांगता येणार नाही. मी नाव घेतलं असतं तर काय झालं असतं? कदाचित गर्दी हबकली असती आणि मी सुटले असते. कदाचित कुणाचाच विश्वास बसला नसता आणि ते टायर उचललं गेलं असतं. मी नियम पाळत होते म्हणून गप्प होते असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं. खरं म्हणजे मला बोलताच येत नव्हतं.

"एकही नाव नाही," एस्नात इंग्रजीत हळूच म्हणाली. "ऐकतेस? एकही नाही. आज एक नाव गेलं तर या डोंगरात पुन्हा कुणी तपासणीला हात पुढं करणार नाही."

"काय बोलली ती?" लामेक ओरडला. "काय सांगितलंस तिला?"

एस्नातनं माझं मनगट सोडलं. ती दोन पावलं पुढं गेली, आणि बैठकीत उभी राहायची तशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माझं आहे," ती म्हणाली. "सगळं माझं."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मागच्या बाजूला कुणीतरी हसलं.

"सगळ्या नळ्या?" लामेकनं विचारलं.

"सगळ्या. एवढी मोठी बाई आहे मी, माझ्या अंगात काय रक्त कमी आहे? मला काय झालंय हे तुम्हाला ठाऊक आहे. मी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं. तुम्ही सगळे होतात. आजारी माणसाचं रक्त तपासायला नेतात. मी दिलं. तुम्हाला त्याचं काय?"

"खोटं बोलते. आज सकाळी तुझ्या परसात माणसं शिरताना लोकांनी बघितलीयत."

"मग त्यांना विचार ना. नाव घे आणि विचार. घे नाव."

लामेकला नावं ठाऊक नव्हती. पण मला म्फुमूंचा चेहरा दिसत होता. त्यांच्या मनात काहीतरी जुळत होतं. ते खुर्चीवरून उठले, तशी गर्दी गप्प झाली.

"ज्याचं रक्त चोरलं गेलंय," ते म्हणाले, "त्यानं पुढं यावं."

कुणी हललं नाही.

"भिऊ नका. मी इथं आहे. कुणाच्या दंडातून या बाईनं जबरदस्तीनं रक्त काढलंय? त्यानं यावं आणि बाही वर करून दाखवावी."

मास्तरांची बायको पाठीवरच्या मुलाला सारखं करायला लागली. कोयता घेतलेल्या धाकट्या भावानं दंड अंगाशी घट्ट धरला. म्फुमूंनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांकडं सावकाश बघितलं. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर थांबत, घाई न करता. त्यांचा स्वतःचा हात कोटाच्या खिशात होता.

"कुणीच नाही," ते म्हणाले. "म्हणजे कुणाचं चोरलेलं नाही. म्हणजे ही म्हणते ते खरं."

मला वाटलं, सुटलो. पण लामेक हुशार होता.

"खरं असेल तर मग हिनंच सुरुवात केली," तो गर्दीकडं वळून म्हणाला. "आपलं रक्त परक्यांना देण्याची वाट हिनं दाखवली. पैसे घेतले असतील. हिनं दार उघडलं म्हणून ते गावात शिरले. आणि म्हणून आपल्या पोरी शेतात पडायला लागल्या."

आता मात्र ओरडा झाला. माझ्याकडं बघणारे सगळे डोळे एस्नातकडं वळले. एक दगड तिच्या खांद्याला लागला, आणि हा टाकलेला नव्हता. ती डगमगली पण खाली बसली नाही. दोन माणसं टायरकडं गेली. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. नंतर एस्नातनं सांगितलं की मी मराठीत ओरडत होते.

म्फुमूंनी लामेकच्या हातातून नळ्या घेतल्या. तो द्यायला तयार नव्हता, पण त्यांनी नुसता हात पुढं धरून ठेवला आणि शेवटी त्यानं दिल्या. त्यांनी पहिल्या नळीचं बूच काढलं आणि ती मातीवर उलटी केली. मग दुसरी, मग तिसरी. त्या तापलेल्या मातीनं रक्त लगेच शोषून घेतलं, नुसते काळे डाग राहिले. यातली आपली कोणती हे त्यांना ठाऊक नव्हतं. सगळ्या रिकाम्या झाल्यावर त्यांनी पायानं त्यावर माती ओढली.

"गावाचं रक्त गावात परत आलं," ते म्हणाले. "परदेशी बाई आता जाईल आणि परत येणार नाही." मग मान वळवून, "एस्नात, तूही. आजपासून तू या गावची नाहीस."

एस्नातनं त्यांच्याकडं बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं आणि तिला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. तिनं एक शब्द बोलायचा होता फक्त.

"बरं, म्फुमू," ती म्हणाली.

ते स्वतः आमच्या पुढं चालले. म्हणूनच आम्ही फाट्यापर्यंत पोचलो; त्यांच्या पाठीवर दगड मारायची कुणाची छाती नव्हती. बराच वेळ लोक मागून येत राहिले, मग हळूहळू गळत गेले. म्फुमूंना चढावर धाप लागत होती. दोनदा ते थांबले, कोटाच्या बाहीत खोकले आणि पुन्हा चालू लागले. मोठा रस्ता दिसायला लागला तेव्हा ते वळले आणि एस्नातला म्हणाले, "तुझ्या घराचं मी बघतो."

गाडी आली तेव्हा गावाच्या दिशेनं धूर वर चढत होता. गवताचं छप्पर पेटल्यावर असा धूर येतो, आधी पांढरा, मग पिवळसर. एस्नात गाडीच्या मागच्या काचेतून तो धूर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. तिचा खांदा सुजला होता.

"मी नाव घ्यायला हवं होतं," मी म्हणाले. "तुझं घर वाचलं असतं."

"आणि मग तुला काय वाटतं, त्यांनी म्फुमूंना सोडलं असतं? लामेकनं?" तिनं डोळे मिटून घेतले. "आणखी पाच जण होते तिथं. ते सगळे बघत होते. एकाचं नाव सांगतेस का, एवढंच बघत होते."

"त्यांनी तुला गावाबाहेर काढलं."

"तुला जिवंत बाहेर काढलं ना? मग गप्प बस."

संस्थेनं माझं काम जिल्ह्याच्या रुग्णालयात दिलं आणि माझ्या आग्रहावरून एस्नातलाही तिथं घेतलं. दोन आठवड्यांनी नेली आली. फाट्यापर्यंत चालत आणि पुढं चहाच्या ट्रकमधून. मग मास्तरांची बायको आली, मग भावांपैकी थोरला. सगळे आमच्या खोलीबाहेरच्या बाकावर एकमेकांपासून अंतर ठेवून बसले. पहिल्यांदा त्यांनी एकमेकांना पाहिलं तेव्हा कुणी कुणाशी बोललं नाही. पण रक्त देऊन झाल्यावर ते एकत्र परत गेले. नंतर फिरीला कुणीतरी पाठुंगळी घेऊन आलं. तो कोयता घेतलेला धाकटा भाऊ होता.

म्फुमू आले ते एका सोमवारी. मी खिडकीतून पाहिलं. फाटकातून ते एकटेच आत आले, काठी टेकत, तोच कोट घालून. तो आता त्यांच्या अंगावर लोंबत होता. मी एस्नातला हाक मारली. आम्ही दोघी दारात आलो.

बाकावर नेली होती, मास्तरांची बायको होती, आणखी गावच्याच दोन बायका होत्या, ज्यांच्याबद्दल आम्हालाही आदल्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. म्फुमूंना बघताच त्या सगळ्या घाईघाईनं उठल्या आणि तिथल्या रिवाजाप्रमाणं गुडघ्यांवर बसून, टाळ्या वाजवत त्यांनी त्यांना वंदन केलं. आनंदानं केलं. आपला म्फुमू आपल्याला बघायला इतक्या लांब आला, असंच त्यांना वाटलं.

ते उभे राहिले. त्यांनी त्या बायकांकडं पाहिलं, मग दारातल्या आमच्याकडं. मग ते म्हणाले, "कशा आहात? घरी सगळे बरे आहेत. मी म्हटलं, आजाऱ्यांना भेटून यावं."

आणि ते खरोखर वॉर्डात गेले. पुरुषांच्या वॉर्डात आमच्या गावचं कुणीच नव्हतं. तरी ते प्रत्येक खाटेजवळ थांबले, प्रत्येकाचा हात हातात घेऊन काहीतरी बोलले. एका खाटेजवळ खोकला आला तेव्हा तोंड फिरवून, भिंतीला टेकून उभे राहिले. मग पुढच्या खाटेकडं गेले.

एस्नात फाटकापर्यंत त्यांच्या मागं धावत गेली. मी लांबून बघत होते. तिनं त्यांची बाही धरली होती, गावात कुठल्याच बाईनं म्फुमूची धरली नसती तशी, आणि ती भांडल्यासारखी बोलत होती. ते ऐकत होते. मग त्यांनी तिचा हात हळूच सोडवला.

"काय म्हणाले?" ती परत आल्यावर मी विचारलं.

"मी म्हटलं, कुणी नसताना ये, मी एकटी थांबते. तर म्हणाले, 'उद्या बघू.'"

पाऊस सरायच्या आत ते गेले. लामेक म्फुमू झाला. आमच्या बाकावर नामाचेरेची माणसं मात्र वाढतच गेली.

पण त्या सोमवारनंतरच्या सकाळी हे काही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी फाटकाकडं नजर ठेवून होतो. दहाच्या सुमाराला मी पुरुषांच्या वॉर्डात औषधं द्यायला गेले, तर कोपऱ्यातल्या खाटेवरच्या माणसानं मला खुणेनं बोलावलं. त्याला कित्येक आठवड्यांत कुणी भेटायला आलं नव्हतं.

"काल आले होते ते म्फुमू," तो म्हणाला, "ते आजही येणार आहेत का?"